मुलांना घेऊन वाघ-सिंहांच्या सफारीला जाताना

नमस्कार. ठाण्याहून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे आपल्या नॅशनल पार्कात, मुलांना नेण्यासाठी तुम्ही आमची गाडी ठरवली आहे. निघण्याआधी हा कागद घरातल्या मोठ्यांनी एकदा वाचावा. आदल्या रात्री मुलांनाही वाचून दाखवलात तर फारच उत्तम.

फोनवर आम्हाला हमखास एक प्रश्न येतो : 'तुमची गाडी वाघापर्यंत जाते का?' नाही जात. वाघ-सिंहांच्या कुंपणात फक्त उद्यानाची स्वतःची बस जाते. तिच्या खिडक्यांना लोखंडी जाळी असते. आमची गाडी तुम्हाला उद्यानाशी सोडते आणि परत घेते. प्रवेशाचं तिकीट वेगळं, सफारीचं वेगळं, आणि ही दोन्ही आमच्या भाड्यात धरलेली नाहीत. सोमवारी उद्यान बंद असतं, त्यामुळे सोमवारची नोंदणी आम्ही घेतच नाही.

सकाळचीच वेळ का

ठाण्याहून घोडबंदर रोडने निघालं की गायमुखाच्या चढाला गाडी अडकायला वेळ लागत नाही. शनिवार-रविवारी तर नऊनंतर काही खरं नसतं. म्हणून आम्ही सातला निघतो. पण खरं कारण वाहतूक नाही, प्राणी आहेत. वाघ काय, सिंह काय, ही मांजराचीच जात. ऊन चढलं की सावली धरून पडून राहायचं, हा त्यांचा धर्म. सिंह तर दिवसातले वीस-वीस तास आडवा असतो. आपल्यासारखा सगळ्या अंगाला घाम सुटत नसल्यामुळे दुपारी ते तोंड उघडून धापा टाकत बसतात. सकाळी गारव्यात निदान चार पावलं चालताना दिसण्याची आशा असते.

ज्या मुलांना गाडी लागते त्यांना निघताना पोटभर दूध पाजू नका. कोरडी पोळी किंवा खाकरा बरा. आवळा सुपारी आमच्या चालकदादांकडे असते, आणि पुढच्या खिडकीची जागा अशा मुलांसाठीच राखलेली असते. ती मागायला संकोच करू नका.

मुलांना काय सांगावं, काय सांगू नये

सफारीची फेरी अर्ध्या तासाच्या आत आटोपते. त्यात वाघ डरकाळी फोडेल, सिंह बसशेजारी येईल, असं कबूल करून मुलांना आणू नका. ही आमची अगदी मनापासून विनंती आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका कुटुंबासोबत मी स्वतः गेलो होतो. साडेचार वर्षांचा मुलगा. सिंह झाडाखाली पसरलेला. पोरगा रडायला लागला, 'हा खोटा आहे, हलत नाही!' आजी त्याच्या कानाशी म्हणाल्या, 'कान बघ फक्त.' आम्ही सगळेच बघायला लागलो. माशी बसली की कान फटकन हलायचा, मग दुसरा, मग शेपटीचा काळा गोंडा जमिनीवर आपटायचा. पोरगा मोजत बसला. अकरा वेळा कान हलला. परतीच्या वाटेवर काशीमिऱ्यापर्यंत तो स्वतःचे कान हलवून दाखवत होता.

तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगतो, मुलांना बघायला काहीतरी नेमकं द्या. वाघ पाठमोरा असेल तर त्याच्या कानांमागे एकेक पांढरा ठिपका दिसतो, तो शोधायला सांगा. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे. पाण्याच्या डबक्यात उतरताना वाघ पुष्कळदा पाठीमागून, शेपटीकडून बसतो. हे दिसलं तर मुलं हमखास खुश होतात.

इथले सिंह गीरच्या जातीचे, आशियाई. आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा यांची आयाळ विरळ, म्हणून नराचेही कान उघडे दिसतात. पोटाखाली कातडीची एक घडी लोंबत असते, ती बघितली की ओळख पटली. २०२२ मध्ये जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून मानस आणि मानसी ही जोडी बोरिवलीत आली आणि बदल्यात इथली वाघांची जोडी गुजरातेत गेली. जानेवारी २०२५ मध्ये मानसीला छावा झाला. मोकळ्या रानातला आशियाई सिंह आज जगात फक्त गुजरातेत आहे. २०२० च्या गणनेत ते ६७४ होते, २०२५ मध्ये ८९१ भरले. सातवी-आठवीतल्या मुलांना हे आकडे नक्की सांगा, ती मग पुढचे प्रश्न आपणहून विचारतात. त्या दिवशी कोणता प्राणी बाहेर सोडायचा हे मात्र उद्यानातली माणसं ठरवतात, त्यावर आमचा इलाज नाही.

बसमध्ये

आत शिरताना दोन फाटकं लागतात. बस पहिल्या फाटकातून जाते, ते मागे बंद होतं, आणि मगच पुढचं उघडतं. दोन्ही एका वेळी उघडी कधीच नसतात. लहान मुलांना भीती वाटत असेल तर हेच समजावून सांगा. 'वाघाला बाहेर येता येणार नाही' असं नुसतं म्हणण्यापेक्षा दोन दाराची गोष्ट त्यांना जास्त पटते, कारण ती डोळ्यांनी दिसते.

जाळीतून बोटं बाहेर काढायची नाहीत. बस ठोकायची नाही, शिट्ट्या मारायच्या नाहीत, वाघाला उठवायला ओरडायचं नाही. दुर्दैवाने हे करणाऱ्यांत मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त असतात, आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं. दिवसभर एकामागून एक बस येत असतात. त्या प्राण्याला प्रत्येक वेळी कोणीतरी ओरडून उठवलं, तर त्याने झोपायचं कधी? फोटो काढायचा असेल तर मोबाइलची लेन्स जाळीच्या भोकाला अगदी टेकवून धरा, म्हणजे फोटोत तारा येत नाहीत. दोन फोटो झाले की मोबाइल खिशात ठेवा आणि मुलाला मांडीवर घ्या.

तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर आमचं मत विचाराल तर थोडं थांबा. गर्दी, ऊन आणि प्राण्यांचा उग्र वास, हे एवढ्या लहानग्यांना झेपत नाही. आणायचंच असेल तर बसच्या रांगेत उभं राहण्याआधी शू-शी उरकून घ्या. फेरी सुरू झाली की मधे उतरता येत नाही.

बसबाहेर जास्त सांभाळायचं

वाघ-सिंह कुंपणात आहेत, बिबटे नाहीत. हे जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात बिबटे मोकळे फिरतात. घर आहे ते त्यांचं. म्हणून चेंडूमागे, फुलपाखरामागे मुलाला झुडपात एकटं जाऊ देऊ नका. 'इथंच आडोशाला बस' असं तर अजिबात नको. रस्त्यावर, माणसांत, हाताशी ठेवा. दुपार कलायच्या आत आम्ही परत निघतो, ते याचसाठीही.

माकडांचं वेगळंच. त्यांना खाऊच्या पुड्याचा आवाज कळतो. मुलाच्या हातातला वेफरचा पुडा माकडाने ओढला की ओरखडा निघतो, आणि मग इंजेक्शनं घेत बसावी लागतात. खाऊ स्टीलच्या डब्यात आणा, डबा गाडीतच उघडा. प्लास्टिकच्या पिशव्यांना आत बंदी आहे, पाणी धातूच्या बाटलीतून आणा. माकडांना काहीही खायला घालू नका, मुलाने कितीही हट्ट केला तरी.

कान्हेरीची लेणी त्याच दिवशी करायची का, असं बरेच जण विचारतात. लेणी सुंदर आहेत, शंभराच्या वर आहेत, पण दगडी पायऱ्या, ऊन आणि दमलेलं पोर यांचं जमत नाही. आठ वर्षांवरची मुलं असतील तर बघा. नाहीतर लेण्यांसाठी हिवाळ्यातली एक वेगळी सकाळ ठेवा.

आदल्या रात्री आठपर्यंत गाडीचा क्रमांक आणि चालकदादांचा नंबर तुम्हाला येईल. मुलाला ताप असेल तर पहाटे पाचपर्यंत नुसता निरोप द्या. पैसे कापणार नाही, दुसरी तारीख देऊ.