बोटीच्या ट्रेलरचं चाक अडलं, तर आधी ब्रेकचा निपल सोडा

बोट उतरवताना ट्रेलरची तापलेली चाकं थेट पाण्यात जातात, तेही बरेचदा खाऱ्या. त्यामुळे त्यांचे ब्रेक झिजण्याआधीच गंजून बाद होतात.

यातल्या बऱ्याच ट्रेलरांना सर्ज ब्रेक असतात. गाडी थांबू लागली की ट्रेलर मागून रेटतो, जोडणीचा सरकता भाग दबतो आणि तिथला मास्टर सिलिंडर (दाब तयार करणारा पंप) ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो. रिव्हर्स घेतानाही हाच रेटा बसतो. म्हणून डिस्क ब्रेक असतील तर रिव्हर्स लाइटच्या करंटवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावतात; तो रिव्हर्सला ऑइलची वाट बंद करतो. चाकं फक्त रिव्हर्सलाच अडत असतील, तर ब्रेक उघडू नका. गाडी-ट्रेलर जोडणाऱ्या प्लगमधली या व्हॉल्व्हची पिन गंजून हिरवी पडली आहे का, ते बघा.

पुढे जातानाही चाक जड असेल, तर प्रथम आणीबाणीची केबल (ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी) ओढली गेलेली नाही ना, हे तपासा. मग बाकीच्या चाकांना ठोकळे लावून ते चाक जॅकवर घ्या आणि कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, ब्लीडर निपल (हवा आणि ऑइल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू) पाव फेरा सोडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलेला होता. निपल बंद करा, ब्रेक पुन्हा लागू द्या आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा जोड सैल करा. चाक सुटलं तर दोष सिलिंडरचा. नाही सुटलं तर रबरी होज आतून फुगली आहे. बाहेरून ती नव्यासारखी दिसते, हीच मेख. ड्रम काढून डिस्क बसवले असतील, तर सिलिंडरमधला दाब राखणारा छोटा व्हॉल्व्हही काढायला हवा. तो राहिला की पॅड घासतच राहतात.

निपल सोडूनही चाक हललं नाही, तर कॅलिपरमधला पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिना गंजल्या आहेत. पिना घासून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टनला खड्डे पडले असतील, तर सरळ कॅलिपर बदला.

जोड उघडले की ऑइलमध्ये हवा शिरते. ती काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा आणि ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतो, मग कितीही पंप मारा, हवा वरच राहते. जुनं ऑइल परत ओतू नका, ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 दर्जाचं ऑइल कोरडं असताना निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, सुमारे 3.7 टक्के पाणी शोषलं की ही हमी 140 अंशांवर येते.