विमानातून सोडले जाणारे ड्रोन (चक्रीवादळ निरीक्षण)

उष्णकटिबंधीय चक्रीवादळाच्या पोटात, समुद्रालगतच्या हवेची मोजमापे घेण्यासाठी उडत्या विमानातून सोडली जाणारी लहान मानवरहित विमाने. ती सहसा परत आणली जात नाहीत. काम संपले की समुद्रात पडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागर व वातावरण प्रशासनाने (नोआ) अटलांटिकमधील हरिकेनांच्या (तिथल्या तीव्र चक्रीवादळांच्या) अभ्यासासाठी ही पद्धत रुळवली.

चक्रीवादळाला बळ मिळते ते कोमट समुद्राकडून येणाऱ्या उष्णतेमुळे आणि बाष्पामुळे. वाऱ्याचा जोर ओढून धरतो तोही समुद्रच, पृष्ठभागावरच्या घर्षणाने. हा सगळा व्यवहार तळच्या काही शे मीटरांत चालतो आणि नेमकी तिथलीच मोजमापे सर्वांत कमी मिळतात. वादळ कुठे जाणार याचे अंदाज गेल्या काही दशकांत बरेच सुधारले. ते किती भडकणार याचे अंदाज मात्र मागे राहिले. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वाढणे, म्हणजे झपाट्याने तीव्र होणे, हे पूर्वानुमानातले सर्वांत अवघड प्रकरण आहे.

माणसांसह त्या थरात जाण्याची किंमत १५ सप्टेंबर १९८९ रोजी कळली. बार्बाडोसच्या पूर्वेला ‘ह्यूगो’ वादळात नोआचे पी-३ विमान जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवरून शिरले. वादळ अपेक्षेपेक्षा कितीतरी उग्र निघाले. डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत चारपैकी एक इंजिन बंद पडले आणि विमान समुद्राच्या दिशेने घसरले. वैमानिकांनी ते कसेबसे सावरून वादळाच्या शांत डोळ्यात आणले. तिथे घिरट्या घालत, इंधन टाकून वजन कमी करत त्यांनी उंची गाठली. मग हवाई दलाच्या दुसऱ्या विमानाने आधी भिंत पार करून बाहेर पडण्याची वाट शोधून दिली. त्यानंतर तीव्र वादळात इतक्या खालून जाणे बंद झाले.

खालचा थर त्यामुळे ड्रॉपसाँडवर सोपवला गेला. छोट्या पॅराशूटला बांधलेले हे नळीसारखे उपकरण पडता पडता दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा नोंदवते. ते विश्वासार्ह आहे, पण महत्त्वाच्या थरातून काही क्षणांतच निघून जाते. तिथे रेंगाळू शकेल असे साधन हवे होते. ‘एरोसाँड’ या मानवरहित विमानाने २००५ मध्ये ‘ओफेलिया’ आणि २००७ मध्ये ‘नोएल’ या वादळांत ते करून दाखवले, ‘नोएल’मध्ये ते लाटांच्या वर शंभर मीटरांहूनही कमी उंचीवर उतरले होते. पण ते जमिनीवरून निघे, त्यामुळे किनाऱ्यापासून दूरच्या वादळापर्यंत पोहोचणे हाच मोठा प्रवास होई.

यावर तोडगा पी-३ विमानातच होता. मुळात पाणबुड्या शोधण्यासाठी बनलेल्या या विमानाला समुद्रात ध्वनिवेधक (पाण्याखालचे आवाज टिपणारी उपकरणे) टाकण्याच्या नळ्या असतात. सुमारे सहा किलो वजनाचे ‘कायोटी’ ड्रोन पंख मिटून त्याच नळीतून सोडले जाई. आधी पॅराशूट उघडून वेग कमी होई, मग पंख पसरत आणि विजेवर चालणारा पंखा सुरू होई. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘एदुआर्द’ वादळात त्याचा पहिला यशस्वी वापर झाला. २०१७ च्या ‘मारिया’त अनेक कायोटी थेट डोळ्याच्या भिंतीत उडवले गेले. बॅटरी तासाभराचीच, हा त्यांचा मोठा तोटा.

त्याच्याहून मोठ्या आणि अधिक वेळ टिकणाऱ्या ‘अल्टियस-६००’ने २८ सप्टेंबर २०२२ रोजी, फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे सरकणाऱ्या ‘इयन’मध्ये १०२ मिनिटे माहिती पाठवली. सुमारे ६५० मीटर उंचीवर त्याने ताशी जवळपास ३५० किलोमीटर वारा नोंदवला. हा आकडा जमिनीवरच्या वाऱ्याचा नव्हे. वादळाचा अधिकृत वेग दहा मीटर उंचीवरचा मानतात, आणि वरचा वारा खाली येताना किती मंदावतो हे शोधणे हाच तर या उड्डाणांचा एक हेतू आहे. बोल्डर, कोलोराडो येथील ब्लॅक स्विफ्ट कंपनीचे ‘एस-शून्य’ हे याहून खूपच हलके, दीड किलोच्या आसपासचे ड्रोन आता या कामासाठी पुढे आले आहे.

अशा ड्रोनना ‘स्वस्त’ म्हटले जाते, पण हा शब्द इथे जपूनच घ्यावा. ड्रॉपसाँडच्या तुलनेत असे ड्रोन महागच. ते स्वस्त ठरते ते मोठे विमान आणि त्यातली माणसे पणाला लावण्याच्या तुलनेत. शिवाय कायोटी आणि अल्टियस ही दोन्ही यंत्रे संरक्षण उद्योगाच्या हाती आहेत. हवामानशास्त्रज्ञ हे त्यांचे छोटे गिऱ्हाईक, त्यामुळे किंमत आणि पुरवठा शास्त्रज्ञांच्या हातात फारसा नसतो.

भारतात चक्रीवादळात नियमित शिरणारी विमाने नाहीत, म्हणून त्यांतून सोडायच्या ड्रोनचीही सोय नाही. भर समुद्रातल्या वादळाची तीव्रता हवामान विभाग मुख्यतः उपग्रहचित्रांतील ढगांच्या रचनेवरून ठरवतो. जोडीला बोया (समुद्रात तरंगणारी नोंदयंत्रे) आणि जहाजांच्या नोंदी असतात. वादळ किनाऱ्याजवळ आले की डॉप्लर रडारची मदत होते. जून २०२० मध्ये रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’चा माग गोवा आणि मुंबईच्या रडारांनी असाच काढला.