वजनाआधी उतरते ती शुगर

‘पोट लहान केलं, की माणूस कमी खातो आणि बारीक होतो.’ बॅरिअॅट्रिक सर्जरीबद्दल आपली समजूत साधारण एवढीच. काहींना तर ते चरबी काढून टाकायचं ऑपरेशन वाटतं. पण अमेरिकेतल्या ग्रीनव्हिलमध्ये डॉ. वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली मांडलेली निरीक्षणं निराळीच होती. लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास केलेल्यांपैकी टाइप २ मधुमेह असलेल्या १४६ जणांत १२१ जणांची शुगर नॉर्मलवर आली आणि टिकली. तीही वजन फारसं उतरायच्या आत, काही दिवसांतच!

सुरुवातीचे दिवस पेशंट जेमतेम पातळ पदार्थांवर असतो, त्यामुळे थोडं श्रेय उपासाचंही. खरी गंमत पुढे आहे. बायपासमध्ये जठराचा छोटासा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न झपाट्याने आतड्याच्या खालच्या भागात पोचतं आणि तिथल्या पेशी जीएलपी-१ हे हार्मोन भरभरून सोडतात. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं आणि ‘पुरे आता’ हा निरोप मेंदूला देतं. वजन घटवणारी सध्याची गाजलेली इंजेक्शनं याच हार्मोनची नक्कल करतात. ‘स्लीव्ह’ या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा बराचसा भाग कापूनच टाकतात; भूक चेतवणारं घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं.

स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेले सुमारे दोन हजार आणि न झालेले तितकेच लठ्ठ लोक यांची तुलना चालू आहे. पहिल्या गटाचं आयुष्य सरासरी तीन वर्षांनी जास्त भरलं. सर्वसामान्य लोकांच्या मानाने मात्र तेही कमीच.

किंमतही मोजावी लागते. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. बायपासनंतर वाटीभर श्रीखंड चापलं, तर दरदरून घाम, धडधड, गरगर. काहींचा मधुमेह वर्षांनी परततो. बरीच वर्षं इन्सुलिनवर असलेल्यांना फायदा कमी मिळतो, म्हणून ‘सगळं करून थकलो की शेवटी ऑपरेशन’ हा हिशेब मला पटत नाही.

आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत ऑपरेशनसाठी एरवीची बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३५ ची मर्यादा आशियाई लोकांसाठी २७.५ वर आणली आहे. पाच फूट पाच इंच उंचीला ते वजन भरतं साधारण ७५ किलो.