पार्श्वभूमी : पणजीचा गाउन, नातीचा नाच

युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत अठराव्या शतकाचे म्हणून आलेले काही रेशमी गाउन उलटे करून पाहिले की आत शिलाई मशीनचे टाके दिसतात. कापड १७६०च्या आसपासचे, पण कमरेचे काप, अस्तर आणि हूक व्हिक्टोरियन काळातले. हा उद्योग फॅन्सी ड्रेसच्या, म्हणजे सोंग घेऊन जायच्या नाचांसाठी केलेला.

व्हेनिसचे मुखवटे वगैरे मागचा इतिहास सर्वपरिचित आहे. खरी लाट एकोणिसाव्या शतकातली. मे १८४२मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाने चौदाव्या शतकातल्या दरबाराचा वेष करून नाच भरवला. लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांना काम मिळावे, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. श्रीमंतांच्या हौसेला असे पुण्यकारण नेहमीच सापडते. न्यूयॉर्कला मार्च १८८३मध्ये व्हॅन्डरबिल्ट कुटुंबाच्या नाचाला एवढेही कारण लागले नाही. तिथे यजमानीणबाईंची थोरली जाऊ चक्क ‘विजेचा दिवा’ होऊन आली. शहरातले पहिले वीजकेंद्र सुरू होऊन तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. पॅरिसला शिवलेला तो पोशाख आजही जपलेला आहे.

२ जुलै १८९७ रोजी लंडनच्या डेव्हनशायर हाउसमध्ये झालेला नाच राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त होता. पोशाख रूपकात्मक असावा किंवा १८१५च्या आधीचा ऐतिहासिक, अशी निमंत्रणातच अट होती. त्याच महोत्सवाच्या रात्री, २२ जूनला, गणेशखिंडीत गोळी लागलेला प्लेग अधिकारी या नाचाच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात मेला. लंडनच्या वर्णनांत भर असतो तो हिऱ्यामोत्यांवर.

ज्यांना परवडत होते त्यांनी नवे शिवून घेतले. बाकीच्यांनी घरातल्या जुन्या पेट्या उघडल्या. अठराव्या शतकातला गाउन बहुधा पुढून उघडा असे आणि टाचण्यांनी बसवला जाई. पाठीवर रुंद चुण्या, त्यामुळे कापड भरपूर. नातीच्या कॉर्सेटवर तो बसेना म्हणून चुण्या उसवल्या, कंबर आवळली, आत पट्ट्या घातल्या.

आता हे फेरफार काढून मूळ आकार परत आणायचा का, यावर जाणकारांत जुना वाद आहे. उसवा म्हणणाऱ्यांचा आधार भक्कम आहे : जुन्या घड्यांच्या खुणा आणि सुईची छिद्रे रेशमात राहतात, त्यावरून पहिला काप बराचसा ओळखता येतो. मूळ आकारातला गाउन दुर्मीळ; नाचाचे सोंग हवे कशाला? पण एकदा उसवले की १८८०ची शिवण कायमची गेली. शिवाय ‘मूळ’ म्हणायचे कोणत्या घडीला? महाग रेशीम अठराव्या शतकातही दोन-तीनदा उसवून नव्या फॅशनने शिवले जात होतेच. गेल्या काही दशकांत कल न उसवण्याकडे आहे, आणि तोच योग्य वाटतो. नातीने केलेली काटछाट हीसुद्धा त्या कपड्याचीच हकिकत आहे.

गंमत म्हणजे टिकण्यात पणजीचे रेशीम पुष्कळदा सरस ठरते. रेशमाचा नैसर्गिक डिंक धुऊन काढला की वजन घटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती तूट कथिलाच्या आणि लोखंडाच्या क्षारांनी भरून काढू लागले. अंगावर झोकदार पडणारे ते कापड शंभर वर्षांत घडीघडीवर तडकते. १८९०च्या दशकातले कित्येक संध्याकाळचे गाउन म्हणूनच आडवे ठेवावे लागतात. पुतळ्यावर चढवता येत नाहीत.

मग २०२२चा मे आला. १९६२मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवशी गाजलेला आणि २०१६मध्ये ४८ लाख डॉलरना विकला गेलेला मेरिलिन मन्रोचा गाउन किम कार्दाशियन या तारकेने न्यूयॉर्कच्या मेट गाला समारंभात घातला. पाठीमागे तो पूर्ण मिटला नाही. वर फरची शाल आली. पायऱ्या चढून झाल्यावर तिने प्रतिकृती घातली. ती आधीच का घातली नाही, हा प्रश्न पोशाख जपणाऱ्यांना पडणे साहजिक होते. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वेषभूषा समितीने, ऐतिहासिक कपडे कोणीही अंगावर घालू नयेत, असे स्पष्ट निवेदन काढले. नुकसान झाल्याचे फोटो फिरले तेव्हा गाउनच्या मालकांनी ते नाकारले आणि २०१७चा तपासणी अहवाल पुढे केला. शिवणी तेव्हाच ताणलेल्या होत्या, असे त्यात नोंदले होते.