चमच्याची पिसं कुठे गेली?

जानेवारीत सकाळी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पोचलं की गोदावरी-कादवेच्या संगमावर धुकं असतं, उजेड मऊ असतो, तेव्हाचे फोटो सगळ्यांचेच छान येतात. खरी परीक्षा नऊनंतर. मागच्या हिवाळ्यात एक चमचा, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचा पांढरा पक्षी, उथळ पाण्यात चोच डावीउजवीकडे फिरवत चालला होता, मागे गडद हिरव्या पाणगवताचा पट्टा, मी धडाधड वीसेक फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर पक्ष्याच्या जागी नुसता पांढरा डाग, एक पीस वेगळं दिसेना.

झालं काय, की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बहुतेक वेळा समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी धरतो. फ्रेमभर गडद गवत दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, म्हणून तो एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, वाढवतो. आणि सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपच्या, प्रत्येक पिक्सेलची उजेड साठवायची एक मर्यादा असते. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, 0 ते 16383 एवढेच आकडे, पिसंही वरच्या टोकाला आणि पिसांमधली सावलीही तिथेच, मग फरक उरणार कुठून? अंधारातलं नंतर उजळता येतं, थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो पण येतं, जळालेलं पांढरं मात्र परत येत नाही.

तोच चमचा आभाळाकडे उडाला की उलटं होतं, मीटर आभाळाला घाबरून पक्षी काळा करतो. पण विचार करा ना, त्याच्यावर पडणारं ऊन बदललंय का? नाही, बदललंय फक्त मागचं. म्हणून मी आता मॅन्युअलवरच असतो, सेटिंग मीटरवर न सोडता स्वतः ठरवतो. सूर्य पाठीशी, स्वच्छ ऊन असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 400, एफ (लेन्सचं छिद्र) 8 आणि शटर 1/1600 सेकंदापासून सुरुवात, पांढऱ्या पक्ष्याला 1/3200, म्हणजे एक स्टॉप कमी, निम्माच उजेड. ढग आला की बदलायचं, एवढं लक्ष ठेवावं लागतं.

वारकरी पक्षी सगळ्यात अवघड, अंग काळं आणि चोच-कपाळ पांढरंशुभ्र. तिथे मी कपाळ सांभाळतो आणि अंग नंतर रॉमधून उजळतो.

गेल्या रविवारी परत तोच पट्टा, तसाच चमचा, 1/3200. स्क्रीनवर गवत जवळजवळ काळं आलं, पण झूम केलं तर पंखाच्या कडेचं एकेक पीस सुटं दिसत होतं.