व्हायोलिनवादक-वृंदसंचालक

व्हायोलिनचे जाहीर वादन आणि वाद्यवृंदाचे संचालन ही दोन्ही कामे एकाच कारकिर्दीत करणारा संगीतकार. पाश्चात्त्य अभिजात संगीतात आज या दोन कामांचे शिक्षण वेगळे, करार वेगळे आणि तालमीतल्या जागाही वेगळ्या असतात. मुळात मात्र ती एकाच माणसाची होती. अठराव्या शतकात वाद्यवृंदापुढे वाद्याशिवाय उभा राहणारा माणूस हा नियम नव्हता, अपवाद होता. पहिल्या व्हायोलिनच्या जागेवरचा वादक स्वतः वाजवत वाजवतच बाकीच्यांना सांभाळून नेई. मानहाइमच्या दरबारी योहान श्टामिट्स यांनी याच पद्धतीने वाद्यवृंद घडवला. त्याचा हळूहळू चढत जाणारा नाद युरोपभर गाजला. १७९१मध्ये हायडन लंडनला आले तेव्हाही ते स्वतः कळफलकाच्या वाद्यापाशी बसत आणि वृंदाचे नेतृत्व योहान पेटर सालोमोन व्हायोलिन हातात घेऊन करत.

पुढे सिम्फनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) लांबल्या, पितळी वाद्ये वाढली, लय मध्येच बदलू लागली, आणि जागेवर बसून एका ओळीवर नजर ठेवणाऱ्याला हा पसारा आवरेना. तरीही ठोके दाखवण्यासाठी छडी हातात घेणाऱ्या पहिल्या पिढीत व्हायोलिनवादकच पुढे होते. लुई श्पोर यांनी १८२०मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीत छडी बाहेर काढल्याचे आत्मचरित्रात लिहिले आहे. ती त्यांनी तालमीपुरतीच वापरली की मैफलीतही, यावर अभ्यासकांत एकमत नाही. व्हायोलिनला हनुवटीचा आधार जोडण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. पॅरिसमध्ये फ्रांस्वा आबनेक यांनी १८२८पासून बेथोव्हेनच्या सिम्फनी फ्रेंच श्रोत्यांपुढे आणल्या, त्या व्हायोलिनच्या गजाने ठोके देऊन. समोर सर्व वाद्यांच्या संपूर्ण स्वरलेखनाऐवजी पहिल्या व्हायोलिनची प्रत असे.

संचालकाच्या हाताला स्वतःचा आवाज नसतो. व्हायोलिनवादकाला सर्वांत जड जाणारा बदल हाच आहे. गज तारेला लागला की कंप बोटांत, हनुवटीत, गळ्याच्या हाडात त्याच क्षणी उतरतो. छडी मात्र हवेत फिरते आणि तिला काहीच लागत नाही. आवाज समोरून येतो, आणि मोठ्या वाद्यवृंदात तो बहुधा ठोक्याच्या किंचित मागून येतो. नवखा संचालक त्या आवाजासाठी थांबतो, वादक त्याच्यासाठी थांबतात, आणि लय रेंगाळत जाते. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे तीच असते: सुरुवातीच्या आधीचा श्वास. चांगला व्हायोलिनवादक स्वर लावण्यापूर्वी नाकाने जो श्वास घेतो आणि गज जितका वर उचलतो, त्यातच येणाऱ्या स्वराची लय, जोर आणि रंग ठरलेला असतो. चतुष्टयात (चार तंतुवादकांच्या संचात) वाजवलेल्यांना हे इतके अंगवळणी पडलेले असते की छडी हातात आल्यावर त्यांना ते वेगळे शिकावे लागत नाही.

व्हायोलिन वाजवत संचालन करायचे तर रचना त्याला साजेशी हवी. विवाल्दी आणि बाख यांच्या रचना, मोझार्टचे पाच व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) यांत हे सहज साधते. डाव्हिद ओइस्त्राख यांनी मोझार्टचे हे कॉन्चेर्टो बर्लिन फिलहार्मोनिकसह एकलवादक आणि संचालक अशा दोन्ही नात्यांनी ध्वनिमुद्रित केले. खरी परीक्षा बेथोव्हेनच्या १८०६च्या कॉन्चेर्टोत होते. तो टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्याच्या चार हलक्या ठोक्यांनी सुरू होतो आणि पाचव्यावर काष्ठवाद्ये येतात. एकलवादकाचा प्रवेश थेट ८९व्या मापात (तालाच्या आवर्तनात). तोवरची तीनेक मिनिटे तो श्रोत्यांकडे पाठ करून, डाव्या हातात व्हायोलिन धरून, उजव्या हातातल्या गजाने वाद्यवृंद चालवतो. मग वळायचे, वाद्य खांद्यावर घ्यायचे, आणि बाकीचे मंडळ शांत होत असताना उंच स्वरांकडे चढत जाणाऱ्या त्या उघड्या अष्टकांत नेमका सूर पकडायचा. गजाच्या हाताने नुकताच मोठा जोर काढलेला असतो, आणि आता त्याच हाताकडून केसाएवढा हलका स्पर्श हवा असतो. ब्राम्स किंवा सिबेलियसच्या कॉन्चेर्टोत बहुतेक जण हा खटाटोप करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिथे एकलवादकाला सगळे लक्ष वाद्यावरच हवे असते.

आणखी एक अडचण प्रेक्षागृहातून सहसा लक्षात येत नाही. संचालकाचा उजवा हात लय देतो. डावा हात कोणाचा प्रवेश कुठे, कोणी किती दबून वाजवायचे, हे सांगतो. डाव्या हातात व्हायोलिन असेल तर ही अर्धी भाषा बंद होते. मग डोळे, भुवया आणि वाद्याच्या टोकाची हालचाल यांवर भिस्त. म्हणूनच ही पद्धत शोभते ती एकमेकांना नीट ओळखणाऱ्या वादकांत. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे अग्रवादक (पहिल्या व्हायोलिनांचे प्रमुख) विली बॉस्कॉव्हस्की यांनी १९५५ ते १९७९ असे २५ नववर्ष-संगीतसोहळे वॉल्ट्झ या नृत्यसंगीतासाठी गाजलेल्या श्ट्राउस घराण्याच्या रिवाजाप्रमाणे व्हायोलिन हातात घेऊन चालवले. वॉल्ट्झचा दुसरा ठोका किंचित लवकर येतो हे त्या मंडळींना सांगावे लागत नव्हते.

या कारकिर्दीकडे जाणारी सर्वांत रुळलेली वाट अग्रवादकाच्या खुर्चीतून जाते. शार्ल म्यून्श लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचे अग्रवादक होते. पुढे १९४९ ते १९६२ बॉस्टन सिम्फनी त्यांच्याकडे होती. बुडापेस्टचे यूजीन ऑर्मंडी १९२१मध्ये न्यूयॉर्कला आले. ठरलेला दौरा बारगळला आणि मूकपट दाखवणाऱ्या कॅपिटल थिएटरच्या वाद्यवृंदात त्यांना व्हायोलिन वाजवावे लागले. तिथेच १९२४मध्ये आजारी संचालकाच्या जागी ते ऐनवेळी उभे राहिले. १९३६पासून ४४ वर्षे ते फिलाडेल्फियात होते, आणि त्या वाद्यवृंदाच्या तंतुवाद्यांचा भरदार नाद त्यांच्या व्हायोलिनच्या कानाचाच मानला जातो. याप व्हान झ्वेडेन विशी गाठण्यापूर्वीच ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाचे अग्रवादक झाले. बर्लिनमधल्या एका तालमीत लेनर्ड बर्नस्टाइन यांना सभागृहात बसून ऐकायचे होते, म्हणून त्यांनी या तरुणाला मालरच्या पहिल्या सिम्फनीसाठी पुढे उभे केले. त्या अनुभवातून व्हान झ्वेडेन यांचा रस्ताच बदलला. २०१८मध्ये ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत-दिग्दर्शक झाले. मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी मुंबईत वाद्यवृंद उभारला, मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवले आणि १९६४मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिम्फनी स्थापून ३३ वर्षे तरुण वादक घडवले.

नामवंत एकलवादक संचालक होतो तेव्हा वाद्यवृंदातले लोक त्याच्याकडे थोडे साशंकतेने पाहतात. तिकिटे त्याच्या नावावर खपतात. पण त्याला क्लॅरिनेटची स्थलांतरित ओळ (लिहिलेला स्वर एक, वाजणारा दुसरा) वाचता येते का, हॉर्नवादकाला कुठे श्वास लागतो हे कळते का, हे तालमीच्या पहिल्या काही मिनिटांतच उघड होते. ही शंका रास्तच आहे. एका ओळीत वाढलेल्या नजरेला वीस ओळी उभ्या वाचायला शिकावे लागते, आणि त्याला वर्षे जातात. मॅक्सिम व्हेंगेरोव्ह यांना खांद्याच्या दुखापतीने व्हायोलिन काही काळ बाजूला ठेवावे लागले, तेव्हा त्यांनी संचालनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि पुढे वादनाकडेही परतले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मोठ्या वाद्यवृंदात साधारण १६ पहिली आणि १४ दुसरी व्हायोलिन, १२ व्हिओला, १० चेलो, ८ डबल बास, म्हणजे ६० तंतुवादक असतात. गज टोकाशी वापरायचा की मुठीजवळ, हे सांगणारा माणूस पुढे असला की निम्म्याहून अधिक वृंदाचा नाद एका वाक्यात बदलतो.

दोन्ही कामे वर्षानुवर्षे पेलणारे थोडेच. पूर्ण दिवसाच्या तालमीनंतर उजवा खांदा जड होतो, डाव्या बोटांना मात्र रोजचा रियाज चुकत नाही. पिंकस झुकरमन यांनी १९९८ ते २०१५ ओटावातला वाद्यवृंद सांभाळूनही तो टिकवला. बहुतेकांना कधीतरी निवड करावी लागते. नेव्हिल मॅरिनर यांनी १९५८मध्ये अकादमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स हा छोटा वाद्यवृंद लंडनमध्ये स्थापला, तेव्हा ते त्याचे नेतृत्व व्हायोलिन वाजवतच करत. आधी स्वतः व्हिओला वाजवणारे संचालक पिएर माँतो यांनी त्यांना उभे राहून संचालन करायला लावले. २०१६मध्ये वयाच्या ९२व्या वर्षी निधन होईपर्यंत मॅरिनर संचालन करत राहिले. व्हायोलिन त्यांनी कित्येक दशके आधी पेटीत ठेवले होते. त्याच अकादमीची सूत्रे २०११मध्ये जोशुआ बेल यांच्याकडे आली. बेथोव्हेनच्या चौथ्या आणि सातव्या सिम्फनीचे ध्वनिमुद्रण त्यांनी पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीत बसून, स्वतः वाजवत केले.