बेस वाढवला की आवाज का फाटतो?

यावल-रावेरकडच्या केळीच्या बागेत बांधावर ठेवलेला छोटा स्पीकर असो की भुसावळ-जळगाव अपडाऊन करणाऱ्याच्या कानातला इअरफोन, तक्रार एकच असते. इक्वलायझरमध्ये, म्हणजे जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीत, बेस (खालचे जाड स्वर) वर नेला की दोन मिनिटं मजा येते, मग ढोल घरघरतो आणि शब्द कळेनासे होतात.

याचं पहिलं कारण फाइलमध्येच आहे. 16 बिट आवाजात, म्हणजे लाटेची उंची 16 बिटांच्या आकड्यात लिहितात तिथे, ती 32,767 च्या वर लिहिताच येत नाही, आणि हल्लीची बहुतेक गाणी त्या कमाल पातळीला टेकवूनच तयार केलेली असतात. अशा गाण्यात इक्वलायझरमधली 60 हर्ट्झची (सेकंदाला 60 कंपनांच्या स्वराची) पट्टी 6 डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) वर केली की त्या भागाच्या लाटेची उंची दुप्पट होते. वर जागाच नसल्यामुळे लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. कापलेल्या लाटेतून मूळ गाण्यात नसलेले तीव्र स्वर निर्माण होतात. कानाला टोचणारी करकर ती हीच. म्हणून जी पट्टी सर्वांत जास्त वर नेली असेल, तेवढेच डेसिबल प्रीअँप, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी पट्टी, खाली घ्यायचा. प्रीअँप नसेल तर हवी ती पट्टी शून्यावर ठेवून बाकीच्या खाली ओढायच्या आणि आवाज व्हॉल्यूमने भरून काढायचा. ही सवय एकदा लागली की निम्म्या तक्रारी संपतात.

दुसरं कारण स्पीकरचं. स्वर एक सप्तक खाली गेला, म्हणजे वारंवारता निम्मी झाली, की तेवढाच मोठा आवाज काढायला पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे हलावं लागतं. चार-पाच सेंटिमीटरचा पडदा 60 हर्ट्झला हे करूच शकत नाही. तो नुसता टोकापर्यंत आपटतो आणि त्याच पडद्यावरून येणारा गाणाऱ्या बाईचा आवाजही थरथरतो. तरीही छोट्या स्पीकरवर ढोल ओळखू येतो, कारण 120, 180 हर्ट्झचे वरचे स्वर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच जुळवून घेतो. म्हणजे छोट्या स्पीकरवर 60 ची पट्टी खाली घेतल्याने फारसं काही जात नाही, उलट आवाज मोकळा होतो.

मोबाइलवर बऱ्याचदा 60, 230, 910, 3600 आणि 14,000 हर्ट्झ अशा पाच पट्ट्या असतात. खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी किंवा कुठलंही अहिराणी गाणं, जिथे शब्दच महत्त्वाचे, तिथे छोट्या स्पीकरसाठी सुरुवात अशी करावी: 60 ला उणे 6, 230 ला उणे 3, 910 शून्य, 3600 ला अधिक 2, 14,000 शून्य, प्रीअँप उणे 2. आवाज डब्यातून आल्यासारखा घुमत असेल तर दोष बहुधा 230 च्या आसपास असतो. 3600 मात्र जपून, कारण 2000 ते 5000 हर्ट्झला आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो आणि तिथले 4-5 डेसिबलही थोड्या वेळात कान शिणवतात.

इअरफोनचा बेस गायब असेल तर इक्वलायझरला हात लावण्याआधी रबरी बोंडी बदलून बघा. कानात फट राहिली की खालचे स्वर तिथूनच निसटतात. एका बाजूचा आवाज बारीक असेल तर जाळीत मळ साचला आहे का ते पाहावं.

दुकानातून कार्डात भरून घेतलेली गाणी हा वेगळाच विषय. 128 केबीपीएसची (सेकंदाला 128 हजार बिट माहितीची) पाच मिनिटांची एमपी3 फाइल साधारण 4.8 एमबीची होते, आणि तिच्यात 16,000 हर्ट्झच्या वरचा भाग बहुतेक वेळा काढून टाकलेला असतो. ती 320 वर बदलून घेतली तर फाइल 12 एमबीची होते, गेलेला भाग परत येत नाही. अशा गाण्याची 14,000 ची पट्टी वर नेली तर झांजांभोवतीची फसफस तेवढी वाढते.

दोन सेटिंगची तुलना करताना दोन्हींचा व्हॉल्यूम आधी सारखा करावा, कारण एखाद्या डेसिबलने मोठा आवाजही कानाला उगाच चांगला वाटतो. आणि ब्लूटूथ स्पीकरवर वेगळं बेसचं बटण असेल तर ते बंद ठेवा. नाहीतर फोनमधली आणि स्पीकरमधली वाढ एकमेकींत मिसळून आवाज पुन्हा फाटतो.